नागपूरचा फॉर्म

भामरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला शाळेच्या कार्यालयात दहावीच्या याद्या तपासत होते. धुळ्याहून आमच्या जुन्या शाळेतले शिपाई बापू बोलत होते. "मॅडम, सर गेले. पहाटे, झोपेतच." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि परत याद्यांना लागले. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतंच. मनात आलं, आता राहूनच गेलं. एक गोष्ट मला सरांच्या देखत चारचौघांत सांगायची होती. बारा वर्षं मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि हा माणूस कुणाला कसला त्रास न देता निघून गेला. त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. भाजीत मीठ घालायला विसरते, फळ्यावर तेच वाक्य दोनदा लिहिते, पुस्तक घेऊन बसले की पाच मिनिटांत उठून खिडकीशी जाते. घरातले म्हणतात, कामाच्या ताणाने होतं असं. ताणाने नाही होत.

देवपूरच्या त्या शाळेत मी लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. नोकरी कच्ची, डोक्यात वारं. सर पन्नाशीला आलेले, भूगोल शिकवायचे, सायकलवर यायचे आणि कुठलंही काम निम्म्या वेगाने करायचे. दरवर्षी डिसेंबरात युवा नेतृत्वाचं राज्यस्तरीय शिबिर भरायचं. कधी पुण्याला, कधी कोल्हापूरला. अकरावी-बारावीची आठ मुलंमुली निवडून न्यायची, त्यांचे फॉर्म भरायचे, चार दिवस सांभाळायची आणि जशीच्या तशी घरी पोचवायची, हे काम सर वर्षानुवर्षं करत होते. त्या वर्षी चार मुली होत्या, म्हणून बरोबर एक बाई हवी आणि ती मी. संमतिपत्रावर पालकाची सही आणा, एवढं पोरांना सांगून भागलं असतं. पण सर कागद पोराच्या हाती द्यायचेच नाहीत. स्वतः त्या गावाला जायचे, ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, कपाशी कशी आहे ते विचारायचे, आणि बापाची सही झाली की म्हणायचे, आता पोराच्या आईला बोलवा. आईने होय म्हटल्याशिवाय कागद घडी करायचे नाहीत. एका गावात एक दिवस. मला तर अगदी वीट आला होता. मी म्हटलंही, "सर, अशाने शिबिर संपेल आणि आपण सह्याच गोळा करत असू." ते म्हणाले, "संपू दे की. पोर तर त्यांचंच राहील ना."

रेखा साक्रीकडच्या एका खेड्यातली. बारावीला होती, देवपूरला मावशीकडे राहून शिकायची, आणि बोलायला उभी राहिली की वर्ग चिडीचूप व्हायचा. तिच्या घरी आम्ही गेलो तेव्हा बाप कोपऱ्यात गप्प उभा होता आणि निकाल द्यायचे ते तिचे आजोबा, आबा, खाटेवर बसलेले. सोयरीक आलेली होती. आबांनी सरांकडे पाहिलं. "सर, तुम्ही लई जाई राहिनात, तुम्हीच लई या," ते म्हणाले, म्हणजे नेता आहात तर परत आणायचंही तुम्हीच. "पोर एकली परत ऊनी तं गावले काय तोंड दखाडू?" धड गेली, धड आली, तर बारावीची परीक्षा होईपर्यंत लग्नाचं बोलणार नाही, हा त्यांचा शब्द. मधूनच परत धाडली, तर शिबिरात पोरीने काही केलं असणार असंच गाव म्हणणार आणि शिक्षण तिथेच थांबणार, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. सर म्हणाले, "मी आणीन." मग रेखाच्या आईला बोलावणं झालंच. मी तिला सहज विचारलं, पोरीचा जन्म केव्हाचा? ती म्हणाली, "आखाजीना दुसरा दिन ऊनी हाई. मना भाऊनं लगीन व्हयनं त्या वरीसले."

इथेच माझी हुशारी सुरू झाली. शिबिराची अट होती, त्या वर्षीच्या एक जूनला अठरा पूर्ण झालेली नसावीत. आणि शाळेच्या दाखल्यावर रेखाची तारीख होती एक जून, बरोबर अठरा वर्षांपूर्वीची. म्हणजे एका दिवसाने बाद. आमच्याकडच्या वाचकांना हे काय सांगायचं... खेड्यात आई पोराला घेऊन शाळेत यायची, तिला तारीख ठाऊक नसायची, गुरुजी पोराला डोक्यावरून उलट्या हाताने कान धरायला लावायचे, कानाला हात पुरला की वय बसलं, आणि रजिस्टरात लिहायचे एक जून. अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला. रेखाला तर थोरल्या चुलतभावाबरोबर शाळेत घातली म्हणून एक अख्खं वर्ष वाढवून लावलं होतं. मी तिच्या मावशीकडून त्या मामाच्या लग्नाची पत्रिका मिळवली, जुनं पंचांग शोधलं, त्या वर्षीच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस काढला आणि फॉर्मवर तीच तारीख टाकली. पोर सतरा वर्षांची निघाली. खरी तारीख होती ती, मी काय खोटं लिहिलं? दाखला कोण बघतंय, असंही वाटलं. सर संमतिपत्रांसाठी शिरपूरकडे गेलेले होते. आले ते दमून, फॉर्मची चळत मी पुढे केली. त्यांनी विचारलं, "तू पाहिलेत ना सगळे?" मी हो म्हटलं. त्यांनी न उघडता खाली सह्या केल्या.

त्या वर्षी शिबिर नागपूरला होतं. धुळ्याहून एसटीने जळगाव, तिथून गाडी. भुसावळ सुटलं, दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसली, आणि ज्या पोरांनी तालुक्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं ती खिडकीला लटकली. रेखा मात्र ओठ हलवत भाषण घोकत बसलेली. नागपुरात नोंदणीच्या टेबलावर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी आमचे कागद चाळले आणि हसत शेजारच्यांना दाखवले. "तुमच्याकडे सगळी मुलं एकाच दिवशी जन्मतात का हो?" सरांनी त्यांना शांतपणे गुरुजींची पद्धत समजावून सांगितली, बाईंना ती आवडलीही. शिक्के बसायला लागले. सात झाले. आठवा रेखाचा. सगळ्यांत तो एकच वेगळ्या तारखेचा, म्हणून बाई थांबल्या. त्यांनी दाखला काढून शेजारी ठेवला. दाखल्यावर एक जून.

बाईंचा चेहराच बदलला. फॉर्ममध्ये फेरफार म्हणजे सगळा संघ परत जाईल, नाहीतर निदान ही मुलगी तरी आत्ताच्या आत्ता परत, असं त्या म्हणाल्या. "ही तारीख कुणी लिहिली?" रेखा माझ्या शेजारीच उभी होती, तिचा हात मला लागत होता आणि तो थंडगार पडला होता. सरांनी फॉर्म हातात घेतला, नीट पाहिला. माझं अक्षर त्यांना ओळखू येत नव्हतं असं थोडंच आहे? "मी," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, अक्षर तर बाईमाणसाचं दिसतंय. "सांगितलं मी, लिहिलं हिने. तिचा काही दोष नाही, आणि पोरीला तर ठाऊकही नाही. शिक्षा करायची ती मला करा, पोरीला आत घ्या." मी तिथे होते. दोन हातांवर होते. "नाही, मी लिहिलं," हे तीन शब्द होते. ते मी बोलले नाही.

तासभर वरच्या लोकांची खलबतं झाली. आईने सांगितलेली तारीख खरी असावी, हे त्यांनाही पटलं असणार. शेवटी ठरलं की मुलगी राहील, पण भामरे सरांचं नाव संघप्रमुख म्हणून काढायचं, त्यांनी शिबिराच्या आवारात यायचं नाही, आणि संस्थेला पत्र जाईल. सरांनी लेखी दिलं. मला वाटलं, आता हे रात्रीच्या गाडीने धुळ्याला जातील. ते गेले नाहीत. चार दिवस स्टेशनजवळच्या धर्मशाळेत राहिले. आबांना दिलेला शब्द होता ना, तुम्हीच लई या म्हणून. तिसऱ्या दिवशी रेखा मंचावर बोलली, सभागृह उभं राहिलं, आणि ज्या माणसामुळे ती तिथे पोचली तो कुठल्याशा खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण माझं लक्ष सारखं दाराकडे जात होतं.

परतीच्या गाडीत पोरं झोपली तेव्हा मी म्हटलं, "सर, मी प्राचार्यांना खरं सांगते."

"काय सांगशील? नोकरी कच्ची आहे तुझी. उद्या घरी बसवतील."

"म्हणून काय गप्प बसू?"

"आत्ता बस. कायम झालीस की सांग."

रेखाला त्यांनी स्वतः गावी नेऊन आबांच्या ओसरीवर उभी केली. ती बारावी झाली, डीएड झाली, आज जामनेर तालुक्यात शिक्षिका आहे. सरांना संस्थेची लेखी ताकीद आली आणि शिबिराचं काम त्यांच्याकडून गेलं. कुणाकडे? माझ्याकडे. पुढे प्रत्येक डिसेंबरात मी पोरं घेऊन निघायचे आणि सर सायकल घेऊन स्टँडवर हजर. पोरांना सूचना द्यायचे, पाण्याची भांडी भरलीत का विचारायचे, बस हलली की मागे वळायचे. दोन वर्षांनी मी कायम झाले. सरांनी पेढा खाल्ला. मी काही सांगितलं नाही आणि त्यांनी एका शब्दाने आठवण दिली नाही. मग माझं लग्न, जळगावला बदली... कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

तेराव्यानंतर मी देवपूरला त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्याच होत्या. सरांचं बोलणं निघालं आणि त्या डोळे पुसत, थोडं हसत म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली आणि एक फॉर्म नीट पाहता आला नाही बघ या माणसाला. किती आवडीचं काम होतं ते. मी फार बोलायचे त्यांना त्यावरून. कुणी पाहुणा आला की नागपूरचा किस्सा ठरलेला. भाऊबंदांत, शाळेच्या लोकांत, साऱ्यांसमोर. हसायचे नुसते." मग त्यांनी टेबलावरच्या कागद खोचायच्या तारेतून कागद काढून दाखवले. विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिकासुद्धा. प्रत्येकावर, तारखेच्या बाजूला, पेन्सिलीची बारीक खूण. "मी म्हणायचे, तारीख पाहिली का? मग पाहायचे आणि खूण करून मला दाखवायचे. मला वाटायचं, माझ्या बोलण्याने सुधारले."

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. काकू ऐकत होत्या आणि हातातल्या कागदांची चळत पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. मी रडत होते, त्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बारा वर्षं उगाच बोलले."

मी म्हटलं, "काकू, मला माफ करा."

"मला कशाला सांगतेस? मी तर आता त्यांना काही सांगू शकत नाही." त्यांनी कागद परत तारेत खोचले. "मी ज्यांच्या ज्यांच्यासमोर त्यांना बोलले ना, त्यांना सांग. तू लिहितेस ना पेपरात? तिथे लिही. ते लोक वाचतील."

त्यांच्या घरी नागपूरचा किस्सा ऐकून जे हसले असतील, ते आज हे वाचत असतील असं धरून लिहिते आहे. तो फॉर्म मी भरला होता. भामरे सरांनी तो उघडूनही पाहिला नव्हता, कारण मी पाहिलाय असं मीच त्यांना सांगितलं होतं.