वळणावरची जलपर्णी

नूतन भोईर चहा निवल्याशिवाय पीत नाही. फळा पुसताना श्वास रोखून धरते. "किती?" असं कोणी विचारलं की एक आकडा कधीच देत नाही, "इतक्यापासून तितक्यापर्यंत" म्हणते. रिक्षात बसली की आधी चपला काढते. नदीवरून आली की कोपरापर्यंत हात धुते, वास घेऊन बघते, पुन्हा धुते. आणि हल्ली ती उभ्या उभ्या डोळे मिटते.

ती उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासिकेवर गणित शिकवते. राहायला बदलापुरात, कात्रपला. घरात ती आणि वडील, बुधाजी. त्यांची शेतं कधीच इमारतींखाली गेली. एक होडी तेवढी राहिली होती. उल्हास नदीच्या वळणावर ते जाळं टाकायचे. कधी मरळ मिळायची, कधी शिंगटी. कधी काहीच नाही, पण माणूस सकाळी घराबाहेर पडायचा.

दोन वर्षांपूर्वी वळणावर जलपर्णी दाटली. लांबून हिरवंगार मैदान वाटावं अशी. गटारांचं पाणी पिऊन ती फुगते. तिच्याखाली मासा गुदमरतो आणि जाळं तर टाकताच येत नाही. पावसाळ्यात वाहून जाते, दिवाळीनंतर परत येते. यंदा बुधाजींनी होडीचं सांगून टाकलं.

"होलीपरत पानी मोकला नाय जाला, तं मी होरी इकतूं."

"बाबा, मी हिशोब मांडतेय त्याचा. कशी वाढते, कधी काढायची..."

"मना गनित नको, नूतने. पानी कवा दिसंल, एवरा सांग."

ती दर रविवारी त्यांच्याच होडीतून जाऊ लागली. बांबूची चौकट पाण्यावर टाकायची आणि चौकटीतली रोपं मोजायची. आठवडाभर उल्हासनगरात तास घ्यायचे आणि घरी येऊन समीकरण दुरुस्त करायचं. पाण्याची ऊब, गटाराचा जोर, प्रवाहाचा वेग, सगळं त्यात घातलं. जानेवारीत समीकरणाने काढलेला आकडा आणि चौकटीतला आकडा जवळजवळ जुळले. त्या दिवशी तिने चहा गरम प्यायला.

मग ती तरुण मंडळाच्या कैलासकडे गेली. त्याच्या ओळखीत पोकलेन होता.

"मॅडम, एका वाक्यात सांगा. पोरांना डोक्यात शिरलं पाहिजे."

"लग्नाची पंगत बघ. सगळी पानं भरली की नवा माणूस बसत नाही. दोघंच बसले असले तर बाकीचे लाजतात. पण अर्धी पंगत बसली की सगळा मांडव धावतो. जलपर्णीचं तसंच. अर्धी उरली की ती सगळ्यात जोरात वाढते. काढायची तर पार काठापर्यंत काढा. थोडी राहील ती हातांनी वेचत राहायची. अर्ध्यावर थांबू नका."

"डन! पूर्ण साफ. टेन्शन नका घेऊ."

पोकलेन आला. पहिले दिवस काम दणक्यात चाललं. चिखलाचे ढीग काठावर चढले, पाणी दिसायला लागलं. बुधाजी जाळं शिवायला बसले. नूतनने त्यांना सुई ओवून दिली.

तेवढ्यात माघी गणपती आले. मंडळाच्या मूर्तीचं विसर्जन घाटावरच व्हायचं. वळण अर्धं सोडून पोकलेन घाटासमोर वळवला. तिथलं पाणी आरशासारखं झालं. ढोल वाजले, फोटो निघाले, कैलासने तिला स्टेजवर बोलावून नारळ दिला. तिनेही आरतीत टाळ्या वाजवल्या. नको कोण म्हणणार होतं?

दुसऱ्या दिवशी पोकलेन एका इमारतीच्या पायासाठी गेला.

"उरलेलं पुढच्या महिन्यात करू ना, मॅडम. अर्धं तर झालं."

"कैलास, अर्धंच नको म्हणाले होते मी."

"अहो, पण बाप्पाचं काम होतं."

समीकरणात सगळं होतं, गणपती नव्हता.

मग तिने स्वतः हात घातला. दोन रविवार बापलेक होडीतून रोपं उपटत राहिली. जेवढी उपटली त्याहून जास्त आली. किती जास्त, तेही तिला आधीच माहीत होतं. होळीच्या आधी वळण पुन्हा गच्च मिटलं. तिच्या आलेखातली रेघ आणि नदी, दोन्ही एकाच वाटेने गेल्या. कैलास घाटावर भेटला तेव्हा मनापासून हसला.

"मानलं मॅडम! तुमचं गणित एकदम करेक्ट आलं."

ती तिथेच पायरीवर बसली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी रायते गावाकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. बुधाजींनी होडी चढवायला हात लावला. टेम्पो गेल्यावर म्हणाले, "तुजा काय चुकला नाय, पोरी." आणि आत जाऊन झोपले. दुपारची वेळ होती. ते दुपारी कधी झोपत नसत.

नंतर नूतनने एक नवं काम काढलं. एका वळणाचा हिशोब पुरत नाही, वरून वाहत येणारी जलपर्णीही धरायला हवी, असं तिला वाटलं. उपग्रहाची चित्रं उतरवून ती लॅपटॉपवर नदी रंगवू लागली. पाणी निळं, जलपर्णी हिरवी. कर्जतपासून खाली, तुकड्यातुकड्याने. मग कॉलेजात जास्तीचे तास मिळाले, संध्याकाळचे क्लास लागले. घरी आली की ती लॅपटॉप उघडते आणि त्याच्यासमोरच डोळे मिटते.

बदलापूरच्या पुलाच्या जरा अलीकडेपर्यंत रंग भरून झालेत. वळण अजून पुढे आहे.