साडूभाऊंचा खडू

जगात निर्दोष असं काही नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण रोज बारा तास उभं राहून ते सिद्ध करून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात तीस वर्षं त्यांनी कापड तपासलं. खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून सरकणारा साडीच्या कापडाचा ताका आणि त्याच्यावर रोखलेले साडूभाऊंचे डोळे. डाग, जाळी, तुटका धागा, काही दिसलं की खडूनं त्याच्याभोवती गोल. अख्खा ताका संपला आणि एकही गोल पडला नाही, तर शेवटच्या टोकाला ते आपला नंबर घालत. चौदा. नुसता चौदा पडला की माल पास. तसा प्रसंग फार क्वचित येई, आणि आला की साडूभाऊ त्या दिवशी अस्वस्थ असत. काहीतरी सुटलं असणार, असं म्हणत ते उलट्या बाजूनं ताका पुन्हा बघायला लागत.

माणसानं मिल मिलमध्ये ठेवून घरी यावं. साडूभाऊ खिशात खडू घेऊन घरी येत. ताटातली भाकरी तोंडात जाण्याआधी खिडकीच्या उजेडात धरली जाई, आणि पातळ झालेली कडा ताईंना दाखवली जाई. लग्नपत्रिका हातात पडली की वधू-वरांची नावं वाचण्याआधी छपाईतली शाई कुठे फुटली आहे ते सापडे. माझ्या स्वतःच्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून उभा होतो, मंगलाष्टकं सुरू होती, मंडळी अक्षता टाकत होती, आणि पाठीवर काहीतरी फिरल्यासारखं झालं. कोटाची शिवण पाठीत दोन बोटं उसवली होती, तिच्याभोवती साडूभाऊंनी गोल काढला होता. "शिलाई गयेल शे, मास्तर," ते कानात म्हणाले, "मंग म्हनू नका, सांगं नही म्हनीसन." पाठमोऱ्या सगळ्या फोटोंत तो गोल माझ्याबरोबर सप्तपदी चालतो आहे. मी एका मराठी शाळेत शिक्षक आहे, आणि मिलचा खडू भुसभुशीत असतो म्हणून साडूभाऊ दर महिन्याला शाळेच्या खडूचा डबा माझ्याकडून नेत. हे नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. पण नियमांवर बोट ठेवणारा माणूस साडूच्या नात्यात असला की आपण नियम जरा सैल करतो.

या माणसाबरोबर संसार करणाऱ्या ताई मात्र कायम हसऱ्या. मी एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला पाहायला आले तेव्हा यांनी काय खोट काढली?" दम्यानं त्यांना एका दमात हसताही येत नसे. हसणं दोन हप्त्यांत पुरं करून त्या म्हणाल्या, "त्या दिन खडू घर राही गयथा." साडूभाऊ पेपरात डोकं घालून बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

ताईंचा दमा वाढत गेला तेव्हा डॉक्टरांनी औषध एकच सांगितलं, कोरडी आणि हवेशीर खोली. नवागाममधल्या त्यांच्या घराला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका बाजूला यंत्रमागाचा कारखाना, दिवसभर भिंत थरथरे आणि कापसाचे तंतू भांड्यांवर बसत. दुसऱ्या बाजूला गटार. म्हणून वर एक खोली चढवायची ठरली. ताईंसाठी पूर्वेला खिडकी, खिडकीशी पलंग, आणि वर पाण्याची टाकी, म्हणजे त्यांना जिन्यानं पाणी चढवायला नको. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं म्हणतात. साडूभाऊंनी दोन्ही एकदमच पाहिलं. ठेकेदार नेमला तो त्यांच्याच गावचा. कामाचा करार नाही, कागद नाही. ज्यानं आयुष्यात एक ताका न तपासता पुढे सोडला नाही, त्या माणसानं ठेकेदाराला मात्र टेबलावर घेतलंच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गावना मानूस शे. गावना मानूसले कोनी चेक करस का?"

तरी रोज संध्याकाळी मिलमधून सुटले की ते बांधकामावर जाऊन विटा मोजत, वाळू मुठीत घेऊन बघत. ठेकेदार कंटाळला. त्यानं एक दिवस साडूभाऊंच्या पायाशी पत्रिका ठेवली. त्याच्या मुलीचं लग्न होतं, गावाकडे. साडूभाऊ आणि ताई दोन दिवस आधी गेले. मांडवात ठेकेदारानं त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं, स्वतःच्या हातानं वरण-बट्टी वाढली, तूप ओतलं. साडूभाऊंना बट्टीतही खोट सापडली नाही. त्याच दुपारी इकडे नवागामात, ना मालक हजर ना ठेकेदार, चार मजुरांनी उरकून स्लॅब ओतला आणि भिंतीत पाण्याचा पाइप गाडून टाकला.

टाकी पहिल्यांदा भरली त्या सकाळीच ताईंच्या उशाजवळ भिंतीवर तळहाताएवढी ओल उमटली. साडूभाऊंनी बोटाच्या पेरानं गिलावा वाजवून पाहिला, सगळीकडे पोकळ, डबडब आवाज. त्या रविवारी मी गेलो तेव्हा खोलीत गोलच गोल होते. भिंतीवर, छतावर, चौकटीवर, उलट्या उताराच्या मोरीत. ठेकेदाराला बोलावलं तर त्यानं गोल पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, "नवं बांधकाम पानी पेस, भो. पोट भरनं का थांबी जाई." मग उद्या माणूस पाठवतो, परवा पाठवतो. एकदा खरंच एक माणूस आला आणि ओलीवर रंग फासून गेला. आठवड्यात रंगाचे फोड आले. गावच्या चार वडीलधाऱ्यांना मध्ये घातलं. ते आले, चहा प्याले, आणि आपलेच दात आपलेच ओठ, सांभाळून घ्या, असं सांगून गेले. साडूभाऊ कोर्टात जातो म्हणाले. तेव्हा मी, शहाणा शिक्षक, त्यांना म्हणालो, "कोर्टात वर्षं जातात. जरा धीर धरा, समजुतीनं करून घेऊ." त्यांनी माझं ऐकलं. चार महिने धीर धरला. माझा तो सल्ला मला आजही टोचतो, आणि तो टोचत राहावा असंच मला वाटतं.

खाली गटाराचा वास आणि कापसाचे तंतू, वर ओल. ताईंना कुठे निजवावं हेच कळेना. त्यांनी स्वतःच वर राहायचं ठरवलं, निदान खिडकी आहे म्हणून. साडूभाऊंनी मिलला जाताना त्यांच्या हातात एक खडू दिला आणि सांगितलं की टाकी भरली की ओल कुठवर आली त्याची रेघ काढत जा, पुरावा लागेल. ताई रोज सकाळी पलंगावर पडल्या पडल्या हात लांबवून रेघ काढत. दर आठवड्याला मी त्या रेघा पाहत होतो. आधी एकीवर एक, नीट चढत गेलेल्या. मग रेघा वाकड्या व्हायला लागल्या. मग ओल वर निघून गेली आणि रेघा खालीच राहिल्या, कारण हात तिथवर पोचत नव्हता. मी मुलांना आलेख शिकवतो. मला तो आलेख वाचता येत होता. वाचून मी घरी जाऊन जेवलो, एवढंच केलं.

साडूभाऊंनी मात्र त्या रेघा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून समजूत घालणं सोडून दिलं. ठेकेदाराची आणखी पाच-सहा कामं सुरू होती, कुठे भेस्तानला, कुठे पांडेसऱ्यात. सुट्टीच्या दिवशी साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून त्या कामांवर जायला लागले. साक्षीदार म्हणून मला बरोबर घेत. भेस्तानच्या एका अर्धवट घरात आम्ही शिरलो. साडूभाऊंनी कोणाकडे पाहिलं नाही. पेरानं भिंत वाजवत निघाले आणि गोल काढत सुटले. बनियनवर असलेला घरमालक धावत आला. "भाई, तमे कोण?"

"चेकिंग," साडूभाऊ म्हणाले.

एवढा एकच शब्द. मालकानं खुर्ची आणली, चहा सांगितला आणि हात बांधून उभा राहिला. थोड्या वेळानं चुकांचा आकडा हळूच विचारू लागला, "केटली भूल नीकळी, साहेब?"

"हजी चालू छे."

त्यांनी कोणाची निंदा केली नाही, ठेकेदाराचं नावही घेतलं नाही. पण आम्ही निघालो तेव्हा भिंतीवर सतरा गोल होते आणि मालक ठेकेदाराला फोन लावत होता. महिन्याभरात ठेकेदाराची सगळी कामं जागच्या जागी थांबली. तो एका सकाळी नारळ घेऊन नवागामला आला, उंबऱ्यातच बसला आणि म्हणाला, "माले मारी टाक, भो, पन तो खडू खाले ठेव." सोमवारपासून काम सुरू करायचं, पाइप बदलायचा, सगळा गिलावा उतरवून नवा करायचा, असं ठरलं. साडूभाऊ जिंकले. मी इतका खूश झालो की येताना पेढे घेतले.

त्याच शनिवारी ताईंना दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी होती, बोलताना एका शब्दानंतर थांबावं लागे. साडूभाऊंना जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "भीत... कोल्ली व्हयनी का?" भिंत कोरडी झाली का, एवढंच त्यांना हवं होतं. भिंतीला तेव्हा कोणी हातही लावला नव्हता. तीस वर्षांत ज्या माणसानं सेठच्या दबावाखालीसुद्धा खराब माल पास केला नाही, तो माझ्यादेखत म्हणाला, "व्हयनी. एकदम कोल्ली." ताईंनी मान हलवली. मंगळवारी पहाटे त्या गेल्या.

तिरडी बांधताना साडूभाऊ जवळ बसून होते. कोणीतरी सुतळीची एक गाठ मारली, ती त्यांनी बोटानं ओढून पाहिली. "ढिली शे," म्हणाले, आणि सोडून पुन्हा बांधली. मग दुसरी सोडली, मग तिसरी. सगळ्या गाठी त्यांनी स्वतः पुन्हा बांधल्या, आणि कोणी त्यांना थांबवलं नाही. ठेकेदारानं खांदा दिला. तो रडत होता, आणि खरं सांगतो, त्याचं रडणं खोटं नव्हतं. म्हणून तर त्याचा राग करणं मला अजून नीट जमत नाही, आणि ते न जमण्याचाही मला राग येतो.

तेरावा झाल्यावर ठेकेदार न बोलावता आला, तीन कारागीर घेऊन. आठ दिवस तो स्वतः उभा होता. भिंत फोडून पाइप बदलला, स्लॅबवर उतार नीट केला, गिलावा खरवडून नवा चढवला. असं काम त्यानं आयुष्यात दुसरीकडे कुठे केलं नसेल. साडूभाऊ खाली खुर्चीत बसून राहिले, एकदाही वर बघायला गेले नाहीत. फक्त पलंगाशेजारच्या भिंतीला थापी लागण्याचा आवाज आला तेव्हा ते जिना चढून गेले.

"तठे नको."

"भो, ओल तठेच तं व्हती," ठेकेदार म्हणाला. "तेच तं खराब शे."

"राहू दे. तठे तिना हात लागेल शे."

ठेकेदारानं थापी मागे घेतली. मग त्यानं तेवढा तुकडा सोडून त्याच्या चारी बाजूंनी गिलावा केला, कडा अगदी जपून.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा सवयीनं शाळेचा खडूचा डबा नेला होता. "आते नको, मास्तर," ते म्हणाले, "डोया काम करतस नही." डोळे त्यांचे चांगले होते, चहात पडलेली मुंगी त्यांनी माझ्या आधी पाहिली आणि काही न बोलता बोटानं काढून टाकली. ताईंच्या हातची नसलेली भाकरी ते आता उजेडात धरत नाहीत, जशी येते तशी खातात.  मी वर गेलो. पांढऱ्या स्वच्छ भिंतीच्या मधोमध पोपडे सुटलेला जुना तुकडा, त्यावर ताईंच्या रेघा, खालच्या सरळ, वरच्या वाकड्या. आजूबाजूला एकही गोल नव्हता. आणि तुकड्याच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात, ताक्याचं टोक यावं तिथे, लहान अक्षरात लिहिलं होतं, चौदा.

साडूभाऊ माझ्या मागे येऊन उभे होते. "हात लाई दखा," ते म्हणाले.

मी हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती.