नमस्कार करणारा बडग्या

इतवारीत विजेच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून देणारा शालिकराम तसा सरळमार्गी माणूस, पण डोक्यात एकदा किडा शिरला की त्याला जेवणाचंही भान राहत नसे. चौऱ्याहत्तर साली हा किडा बडग्याच्या रूपाने शिरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहराची पीडा घेऊन जाणाऱ्या मारबत नावाच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत मोहल्ल्यामोहल्ल्यातून बडगे निघतात. ज्याचा राग येईल त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, शहरभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. त्या साली सगळ्यांचा राग वीजकपातीवर होता.

"यंदा आपला बडग्या हालन," त्याने मोहल्ल्याचे म्होरके नत्थूजींना सांगून टाकलं.

"बडग्या हालत असते काय गा? हालतात ते खांदा देनारे!"

पण शालिकराम पेटला होता. बडग्याच्या पोटात त्याने एक लाकडी रूळ बसवला आणि रुळावर खिळे ठोकले. रूळ सावकाश फिरे, खिळा पितळी पट्टीला टेकला की त्या पट्टीची मोटार सुरू होई. एका खिळ्याने मान नाही-नाही म्हणे, दुसऱ्याने डोक्यावरचा दिवा जाई, आणि शेवटच्या खिळ्यांनी बडग्या दोन्ही हात जोडी. वीज घालवून वर नमस्कार! मोटारी भंगारातल्या वायपरच्या होत्या. ट्रकची बॅटरी मागून आणलेली, म्हणून ती बाहेर सोबतच्या बैलबंडीवर ठेवून आत वायर नेली होती.

"खिळ्याची जागा बदलली का याची अक्कल बदलते वं!" तो बायकोला, प्रेमिलाला, सांगत सुटे.

"मंग दोन खिळे तुमच्या डोक्यात बी ठोका," ती खळ लावता लावता म्हणे. पण घरी बडग्याने पहिल्यांदा हात जोडले तेव्हा तोंडात बोटं घालून शिट्टी तिनेच मारली.

कागद चिकटवायला शेजारणीही येत. आपापली पीडा बडग्याला सांगून मग कागद चिकटवायचा, ही त्या गल्लीची रीत. मीराबाईच्या नातवाचा ताप हटत नव्हता. तिने बडग्याच्या पोटावर हात ठेवून ते सांगितलं होतं.

मिरवणुकीच्या सकाळी पावसाची भुरभूर आली. बडग्याची मान हलली, दिवा गेला, लोकांनी आरोळ्या ठोकल्या. नमस्काराची वेळ आली आणि डावा हात उठला, उजवा जागचा हलेना. खांद्याच्या सांध्याभोवती गुंडाळलेली सुतळी ओली होऊन आवळली होती, आणि तिच्यावर कागदाचे थर!

"हा त नमस्कार नाही, थापड मारून राहिला!" लोक खो-खो हसले. शालिकरामच्या अंगाचा तिळपापड झाला.

मिरवणूक संपली, लाकडं रचली गेली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. जाळायच्या पुतळ्यात या शहाण्याने आपला जीव ओतला होता!

"नत्थूजी, पोट फाडून रूळ तेवढा काढू काय?"

"काढ गा. पन बडग्यातलं घरी नेलं का पीडा बी वापस येते, असं बुढे सांगत. तुयावर सोडलं."

शालिकराम असलं काही मानत नसे. त्याने सुरी काढून कागदाला लावली. समोर मीराबाई नातवाला कडेवर घेऊन उभी होती. तिने पोराच्या अंगावर पदर ओढून घेतला. शालिकरामने सुरी मिटली. त्याला फार वाईट वाटलं.

मग एकदम त्याचे डोळे चमकले. त्याने बॅटरीचा खटका दाबला आणि नत्थूजींच्या हातून टेंभा हिसकावला.

"अबे, पायाले लाव! पायाले लावतात!" नत्थूजी ओरडले.

त्याने टेंभा नेमका उजव्या खांद्याला लावला. कागद भडकला. बडग्याने मान हलवली, नाही-नाही. डोक्यावरचा दिवा गेला. डावा हात उठला. खांद्यातली सुतळी तटकन तुटली, आणि जळता उजवा हात वर येऊन डाव्याला जाऊन भिडला.

"घेऊन जाय गे मारबत!" सारा जमाव एका आवाजात ओरडला.

"खिळे बरोबर होते!" शालिकराम नाचत सुटला. "प्रेमिला, पाह्यलं काय वं? माह्ये खिळे बरोबर होते!"

प्रेमिलाने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. बडग्याचे जोडलेले हात जळून खाली पडेपर्यंत शालिकरामनेही आपले हात जोडून धरले होते.