तोफा मोजणारे जयराम मास्तर

जयराम मास्तर आमच्या गावच्या शाळेत आले, तेव्हापासूनच मला त्या माणसाचा संशय होता. इगतपुरीचे, बाप रेल्वेत खलाशी, अंगानं काटकुळे, आणि छत्री उन्हाळ्यातही बरोबर. तेवढं चालतं. पण मास्तर असून हा माणूस उत्तर म्हणून देत नसे. पोर काही विचारायला गेलं की उलट हेच विचारणार, "तुला काय वाटतं?" पोरांना काय वाटतं ते ऐकायला सरकार पगार देतं का?

माझी नात कुसा पाचवीत होती. भलती चौकस, तिच्या प्रश्नांना घरात कुणी पुरं पडत नसे. मास्तरांनी नेमकी तिलाच हेरली. शाळा सुटली की तिला आणि आणखी दोघींना घेऊन टेकडीवर जायचे. तिथून देवळाली कॅम्पची चांदमारी, तोफा डागायचं मैदान, दिसते.

बाहत्तर साल नुकतंच उजाडलं होतं. लढाई संपून महिनाही झाला नव्हता. खिडक्यांवरचे काळे कागद आम्ही अजून काढले नव्हते. अशात कुसाच्या दप्तरात मला एक वही सापडली. अक्षरं जुळवून मला वाचता येतं. 'सोमवार. तोफा नऊ. धूर ते आवाज, अकरा झोके.' पुढे मंगळवार, पुढे बुधवार.

माझा मुलगा सहादू कॅम्पात माळी, आणि त्याची पोर तोफा मोजून लिहून ठेवतेय! मास्तर हेर निघाला म्हणायचा.

वही बघून सहादू पांढराफटक पडला. "आये, नोकरी जाईल माझी. उद्यापासून कुसाची शाळा बंद."

कुसा रडली नाही. त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला ते घर आपलं वाटेना.

सकाळी पदराखाली वही घेऊन मी शाळेत गेले. मोठ्या बाई, सुमनबाई, आधीच मास्तरांना झाडत होत्या.

"चाळीस पोरं सोडून एकीच्या मागे लागलात तुम्ही!"

"तिला पुस्तक पुरत नाही, बाई. धूर आधी आणि आवाज मागून का, हे तिनंच विचारलं. दोरीला दगड बांधून झोके मोजायचं तिनंच काढलं. मला उत्तर माहीत आहे. पण सांगितलं तर ती तिथंच थांबेल." मग खाली बघत म्हणाले, "चाळिसांचं मात्र मला अजून जमलेलं नाही, हे खरं."

मी वही टेबलावर आपटली. "आणि मोजायला तोफाच मिळाल्या? लोक हेर म्हणतील तुम्हाला. मी तर म्हणतेच!"

मास्तरांचा चेहरा उतरला. एवढा शिकलेला माणूस, पण हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी स्वभाव जाईना.

"आजी, दारणेच्या पलीकडच्या काठाला कुणी धुणं धोपटतं, तेव्हा काय दिसतं?"

"काय दिसायचंय? धोपटणं खाली आलेलं दिसतं, आवाज मागून..." मी तिथंच अडकले. चाळीस वर्षं नदीवर धुणं धुतलं, पण असं का होतं हे कधी मनात आलं नव्हतं. "का हो होतं असं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मास्तर, वही मारीन डोक्यात!"

सुमनबाईंना हसू आवरेना. मग म्हणाल्या, "टेकडी बंद, तोफा बंद. नदीवर जा. आणि चाळीसच्या चाळीस न्या."

सहादू सहज वळला नाही. म्हणाला, "तुझ्या डोळ्यांदेखत असेल तरच पाठवतो." मग काय, शनिवारची शाळा सुटली की मी दगडावर बसून गोधडी धोपटायची, आणि पोरं लांब बांधावर उभी राहून झोके मोजायची. कुसा ओरडायची, "आज्जी, लय हळू! पुन्हा!" दोन गोधड्यांच्या चिंध्या झाल्या. मास्तरांवरची नजर मात्र मी हटवली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांची चांदवडला बदली झाली. निघताना आमच्या ओट्यावर टेकले. "आजी, खरं सांगा, कुसाला मी नीट शिकवलं का?"

"तुम्ही शिकवलंत कुठं? नुसते विचारत राहिलात."

"मग ती शिकली कशी?"

पुन्हा प्रश्न! मी म्हटलं, तिलाच विचारा. पण ती घरी नव्हती. नाशकात कॉलेजात होती, सायन्सला. सहादू स्वतः जाऊन तिचं नाव घालून आला होता.