पंपाची आंघोळ

जुलैमधल्या एका शनिवारी शेजारच्या काकूंचा पंप बंद पडला. ऑगस्टमध्ये त्या मुलाकडे, दूर उत्तरेला रेडमंडला गेल्या. फेब्रुवारीत तिथेच वारल्या.

मला आधी त्यांचा हात आठवतो. त्यांच्या घराच्या बाजूला, कण्हेरीच्या रांगेलगत, सिमेंटच्या चौथऱ्यावर पंपाचा मोठा चौकोनी डबा होता. त्याच्या डोक्यावर जाळी आणि जाळीखाली पंखा. उन्हाळ्यात रोज सकाळी काकू चहाचा कप घेऊन तिथे जायच्या आणि मोकळ्या हाताचा तळवा जाळीच्या वर धरायच्या. भाकरी टाकण्याआधी तवा तापला का ते बघतात, तसा. खालून गरम झोत हाताला लागला की मान हलवून म्हणायच्या, "करून राहिला काम."

आमचं चँडलर हे गाव अमेरिकेत, फिनिक्सला लागून, वाळवंटात आहे. इथल्या पुष्कळ घरांत एसी वेगळा आणि हीटर वेगळा असं नसतं. एकच यंत्र उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर नेऊन टाकतं आणि हिवाळ्यात उलटं चालून बाहेरची उष्णता आत आणतं. त्याला हीट पंप म्हणतात. काकू नुसतं 'पंप' म्हणत. हे सगळं त्यांना काकांनी समजावून दिलं होतं, आणि काका गेल्यानंतर त्या ते मला समजावत. "थंडीतूनसुद्धा गरमी काढतो म्हणे हा," त्या म्हणायच्या. "आमच्या सासूबाईंमधून काढून दाखवली असती तर मानलं असतं."

काकू नागपूरच्या. मी पुण्याची, कॉलेजच्या लायब्ररीत काम करणारी, कमी बोलणारी. शेजार लाभला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव बाजूला ठेवलं आणि कुंपणावरून हाक मारली, "ए पुणेकरीण, दुपारी झोपली नसशील तर चहाला ये." पुढे तेच माझं नाव झालं. नागपूरच्या उन्हाचा त्यांना अभिमान होता. इथे पारा एकशे पंधरावर गेला की मी घाबरायचे आणि त्या म्हणायच्या, "फॅरनहाइटमध्ये काहीही वाढवून सांगतात हे लोक."

काका गेल्यावर मुलगा त्यांना न्यायला आला होता. त्या जाईनात. तो वाईट मुलगा नव्हता, हे मला आधीच सांगायला हवं. उन्हाळ्यात इथे एसी बंद पडून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जीव जातात, हे त्याने वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. शेवटी त्याने भिंतीवर नवा थर्मोस्टॅट बसवला. घरातलं तापमान त्याला तिकडे रेडमंडला, ऑफिसात बसल्या बसल्या फोनवर दिसणार होतं.

"आई, डील करू," तो म्हणाला. मी तिथेच पोळ्या लाटत होते. "हा पंप चालू आहे तोवर तू इथे राहा. उन्हाळ्यात एकदा जरी बंद पडला, तर तू माझ्याकडे येणार. नो आर्ग्युमेंट."

"चालते," काकू म्हणाल्या.

तो गेल्यावर मी विचारलं, "तिकडे काय वाईट आहे काकू? नातवंडं आहेत."

"वाईट काहीच नाही गं. तिकडे चहा करायचा तर सुनेला विचारून करावा लागतो, एवढंच. ती नाही म्हणत नाही. पण विचारावं लागतं."

तेव्हापासून तो पंप म्हणजे त्यांचं घर झालं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एखाद्या वस्तूत सगळा जीव ओतणारी. पण त्या वस्तूवर त्यांचं राहणंच अवलंबून असलेलं फार कमी वेळा दिसतं. काकू दर महिन्याला फिल्टर बदलायच्या. धुळीचं वादळ येऊन गेलं की महिना संपायची वाट बघायच्या नाहीत. बोगनवेलीची कागदासारखी फुलं उडून डब्याच्या अंगाला चिकटायची, ती एकेक करून काढायच्या. पाणी वाहून जायच्या नळीत शेवाळ धरू नये म्हणून व्हिनेगर ओतायच्या. एकदा आतल्या बटणात मुंग्या शिरून पंप अडला होता, म्हणून चौथऱ्याभोवती हळदीची रेघ ओढायच्या. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ती रेघ बघून बूट काढू का विचारलं. काकू म्हणाल्या, "नको, अँट्ससाठी आहे." मग घरात येऊन हसून हसून खाली बसल्या. "भैताड! त्याला वाटलं मी पूजा करून राहिली."

हिवाळ्यातल्या एका गारठलेल्या सकाळी त्यांचा फोन आला, "पुणेकरीण, पंप पेटला!" मी शाल गुंडाळून धावले. डब्यातून पांढऱ्या वाफेचे लोट निघत होते. यंत्र स्वतःवरचं बर्फ वितळवत होतं, बाकी काही नाही. काकू हातात मिठाचा डबा घेऊन उभ्या होत्या. तेलाची आग मिठाने विझते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

आणि रोज संध्याकाळी, ऊन उतरायच्या बेताला, पंपाची आंघोळ.

नागपूरला उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी लावतात, तिच्यावर पाणी मारतात आणि तिच्यातून येणारी हवा गार होते. काकूंचं सगळं लहानपण त्या वासात गेलेलं. इथे वाळा नव्हता. त्यांनी झाडांच्या दुकानातून गोणपाट आणलं, पंपाच्या पश्चिमेच्या अंगाला बांबूंवर ताणून बांधलं आणि बागेच्या पाइपाने ते भिजवू लागल्या. मग गोणपाटाबरोबर पंपालाही न्हाऊ घालू लागल्या, चारी बाजूंनी. "दिवसभर उन्हात उभा असतो बिचारा. आपल्याला गार करून राहिला, आणि त्याला कोण?"

पाण्याचा फवारा उन्हात चमकायचा, ओल्या गोणपाटाचा वास यायचा, आणि वाळवंटाच्या मधोमध थोडा वेळ आजूबाजूची हवा खरंच गार व्हायची. मीही कधी कधी पुस्तक मिटून तिथे खुर्ची टाकून बसायचे.

इथलं पाणी फार क्षाराचं आहे. नळाच्या तोंडाशी पांढरी कडी धरते, केटलीत थर बसतो. काकू केटली दर आठवड्याला लिंबाने घासायच्या.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांचा जेवणाचा डबा परत द्यायला गेले. दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली. बाहेरच्यापेक्षा फारशी कमी गरम नव्हती. काकू खुर्चीत बसल्या होत्या, डोक्यावर ओला पंचा, चेहरा लालबुंद. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी होती. परकराच्या नाडीने बांधलेली.

"काकू, हे काय?"

"वाटाणे."

"ते दिसतंय मला. पण कशाला?"

"तो बघून राहिला ना तिकडून." त्यांनी डोळ्यांनीच भिंतीकडे खूण केली. "सकाळी पंप बंद पडला. उद्यापर्यंत दुरुस्त करून घेते. त्याला कळायचं काय कारण?"

मी त्यांना उठवलं. त्या उठल्या, पण दाराकडे न येता फ्रीजकडे वळल्या. "थांब. ते मऊ पडले असतील." वाटाण्यांच्या जागी त्यांनी मक्याचे दाणे बांधले. गाठ पक्की मारली. मग माझ्या खांद्याला धरून माझ्या घरी आल्या. मी त्यांना पन्हं दिलं, पायाखाली उशी दिली. तासाभराने चेहरा निवळला.

दुरुस्तीचा माणूस त्याच दुपारी आला, हळदीचाच. त्याने डब्याचं एका बाजूचं कव्हर काढलं आणि आम्हाला बोलावलं. आतल्या पातळ पत्र्यांच्या जाळीवर चुन्यासारखा पांढरा थर होता. कित्येक ठिकाणी फटी पार बुजल्या होत्या. उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती, त्यामुळे आतला कॉम्प्रेसर जळला होता. आता हे बदलायलाच लागेल, आणि या दिवसांत नवं यंत्र मिळायला आठवडा तरी जाईल, असं तो म्हणाला. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, यावर पाणी मारत होतात का?"

"रोज," काकू म्हणाल्या.

त्याने नखाने थोडा थर खरवडून तळहातावर दाखवला. धुवायला हरकत नसते, पण वर्षातून एखाद्या वेळी, असं काहीसं तो सांगत होता. काकू ऐकत नव्हत्या. त्या त्याच्या तळहाताकडे बघत होत्या.

"केटलीत बसतो तोच," त्या मला मराठीत म्हणाल्या.

आम्ही माझ्या घरी परतलो. मी चहा केला. मग त्यांनी हिशेबाने बोलायला सुरुवात केली. आठवडाभर माझ्याकडे राहायचं. सकाळ-दुपार जाऊन पिशवी बदलायची. नवं यंत्र बसलं की संपलं. "जमेल," त्या म्हणाल्या, "फक्त वाटाणे आणखी आणावे लागतील." मी आणते म्हणाले. मला ते सगळं वेडेपणाचं वाटत होतं आणि ते जमावं असंही फार वाटत होतं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. काकू नेहमी स्पीकरवरच बोलत.

"आई, काय हे! अडुसष्ट?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"एवढं थंड कशाला ठेवलंयस घर? सांधे धरतील तुझे. थोडं वाढव." तो हसत होता. मागून नात ओरडली, "आजी, आर यू फ्रीझिंग?"

"वाढवते," काकू म्हणाल्या.

"नाही, पण खरं सांगू का? मी आज सकाळपासून बघत होतो. तिकडे एकशे सतरा आहे. वाटलं, आज काहीतरी होणार. आणि तू मस्त गारेगार बसलीयस. यू वेअर राइट यार, आई. मी उगाच मागे लागलो तुझ्या. तू राहा तिथेच. मी परत हा विषय नाही काढणार, प्रॉमिस."

जे त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. काकू कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. एक फेरी, मग आणखी एक.

"अरे," त्या म्हणाल्या, "ते मक्याचे दाणे आहेत."

"काय?"

"घर नाही रे ते. अडुसष्ट आहे ते मक्याचं आहे. आधी वाटाणे होते. पंप सकाळीच गेला. मीच घालवला, पाणी मारून मारून."

पलीकडे तो आधी हसला. मग हसायचा थांबला.

ऑगस्टमध्ये तो न्यायला आला, तेव्हा नवं यंत्र बसून चालू झालेलं होतं. आता राहायलाही हरकत नाही असं तो एकदा अर्धवट म्हणालाही. काकूंनी साड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, "चालते म्हणाली होती मी."

रेडमंडहून त्या रविवारी फोन करायच्या. "पाऊस पडून राहिला. पण धड पडत नाही गं, नुसता गळतो." "यांचा पंप भिंतीवर आहे, रिमोट सुनेजवळ असतो. मी हात नाही लावत." "ऊन निघालं होतं आज. सगळे फोटो काढून राहिले होते." सुरुवातीला त्या माझी थट्टा करायच्या. दिवाळीनंतर थट्टा कमी झाली, फोन आखूड झाले. जानेवारीत छातीत कफ झाला. त्यानंतर एकदाच बोलणं झालं, तेव्हा त्यांनी इथे ऊन कसं आहे ते विचारलं. चांगलं आहे, मी म्हणाले. "किती?" त्यांनी विचारलं. मी बाहेर जाऊन बघून आले आणि आकडा सांगितला.

एप्रिलमध्ये मुलगा घर रिकामं करायला आला. सामान गेल्यावर माझ्याकडे जेवायला आला. वरण-भात कालवता कालवता थांबला.

"ताई, त्या दिवशी ती बोलली नसती तर मला कधीच कळलं नसतं. आठवड्याने नवं युनिट बसलं असतं. ती इथेच असती."

"हो."

"मग तिने सांगितलं का?"

हे मीही काकूंना विचारलं होतं, त्याच संध्याकाळी, फोन ठेवल्यावर. त्यांनी जे उत्तर दिलं होतं ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "तो शंका घेत होता तोवर मी खुशाल फसवून राहिली होती. पण त्याने विश्वास ठेवला गं. मग कसं फसवायचं?"

तो ताटाकडे बघत राहिला.

"मी शंका घेत राहायला हवं होतं," तो म्हणाला.

मी त्याच्या भातावर वरण वाढलं.

घर जूनमध्ये विकलं गेलं. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. या गल्लीत मला मराठीत हाक मारणारं आता कोणी नाही.