ताईच्या वाट्याची ओळ

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात दोघी बहिणींतली थोरली अकरा वर्षं चादरी दाबत होती. तापलेल्या रोलरमध्ये ओली चादर सरळ धरायची, पलीकडून ती कोरडी आली की घडी घालायची. बोट वेळेवर मागे घेतलं नाही तर फोड ठरलेला. खात्याची मुकादम तीन-चार वर्षांत निवृत्त होणार होती, आणि त्या जागेवर थोरलीचा डोळा होता. अडत होतं ते एकाच ठिकाणी. साबणाच्या डब्यांवरच्या सूचना, यंत्राची पुस्तकं, सगळं इंग्रजीत. म्हणून तिने संध्याकाळचा वर्ग लावला.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो वर्ग भरे. शिकवणाऱ्या बाई पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यांनी व्याकरणाचं पुस्तक कधी उघडलं नाही. खेळाडूंच्या गोष्टी कापून त्यांनी एक जाडजूड वही भरली होती. हात नसलेला पोहणारा, आंधळी धावपटू आणि तिच्या मनगटाला दोरीने बांधलेला जोडीदार, असे एकेक धडे. "खेळाडूंच्या गोष्टीत क्रियापदं असतात," बाई म्हणायच्या. "धावला, पडला, उठला. मोठ्या माणसांच्या चरित्रांत नुसती विशेषणं."

थोरली वर्गात सगळ्यात पुढे होती. तिचा उच्चार ऐकून बाई मान डोलवायच्या, आणि ते डोलणं ती घरी जाताना वाटेत दहादा आठवायची.

संध्याकाळी आई कामावर असे, त्यामुळे धाकटीला घरी एकटं ठेवायचं जिवावर यायचं. सहाव्या वर्षी तापात धाकटीचे पाय गेले होते. तेव्हापासून तिची चाकाची खुर्ची ढकलणं थोरलीकडे, कुणी न सांगता. वर्गातही ती धाकटीला घेऊन जाऊ लागली. धाकटी कोपऱ्यात बसून खिडकीबाहेर बघे. मग एके दिवशी बाकावर उताणा पडून वजन उचलणाऱ्या, पाय नसलेल्या एका माणसाचा धडा आला, आणि धाकटी खुर्चीत पुढे सरकली.

"ताई, हे मला जमेल."

दोन वर्षांत तिला ते जमलं. व्यायामशाळेत नेणारी थोरली, आणणारी थोरली. धाकटी वजन उचलण्याच्या स्पर्धेत विभागात पहिली आली तेव्हा बाईंनी तिच्यावरच अकरा ओळींचा धडा लिहिला. मोठ्याने वाचायला अर्थातच वर्गातली हुशार विद्यार्थिनी उभी केली.

थोरलीने वाचला. सातवी ओळ होती, "हर सिस्टर पुशेस द चेअर." तिची बहीण खुर्ची ढकलते. संपलं. आठव्या ओळीपासून पुन्हा धाकटीचे दंड, धाकटीची जिद्द. वर्गाने टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सोळा वर्षांची एक ओळ, आणि तीही पाच शब्दांची. पाय हिचे गेले आणि दिवस माझे गेले, हे कुठल्या धड्यात येतं?

आपल्याला हे वाटतंय याची तिला लाजही वाटे. लुळ्या बहिणीवर जळणारी बाई म्हणजे कोण? पण जळणं काही लाजेने विझत नाही. धाकटीने बाईंना इंग्रजीत प्रश्न विचारला तरी हिच्या पोटात दुखायचं. इंग्रजी तरी माझं एकटीचं राहू दे, असं तिला वाटे.

अशातच धाकटीच्या नावाने राष्ट्रीय निवडचाचणीचं पत्र आलं. सगळं इंग्रजीत. धाकटीने ते ताईच्या हातात दिलं. थोरलीने दोनदा वाचलं. नोंदणी अजून सुरू होती, शुक्रवारी बंद होणार होती.

"काय लिहिलंय?"

"नोंदणी संपली म्हणे. पुढच्या वर्षी बघू."

शब्द तोंडातून गेला आणि तिला हलकं वाटलं. ते हलकं वाटणंच तिला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर धाकटी टेबलापाशी वाट बघत होती. समोर पत्र आणि बाईंचा शब्दकोश.

"ताई, 'स्टिल' म्हणजे काय गं?"

थोरलीने पिशवी खाली ठेवली. "अजून."

"मग 'स्टिल ओपन' म्हणजे?"

थोरलीने शब्दकोश मिटला.

"मी काल रात्रीच शोधलं होतं," धाकटी म्हणाली. "वाटलं, तुझी चूक झाली असेल. मग आठवलं, तुझी चूक होत नाही."

"नाही झाली चूक," थोरली म्हणाली. "मला तुझा हेवा वाटतो. तू जिंकलीस की मला बरं वाटत नाही. वाटायला हवं, पण नाही वाटत."

धाकटी बराच वेळ पत्राची घडी घालत, उलगडत बसली. "मलाही तुझा वाटतो," ती शेवटी म्हणाली. "तू उठून दुसऱ्या खोलीत जातेस ना, रागावून, त्याचासुद्धा. पण मी तुला खोटं वाचून दाखवलं नसतं."

थोरलीने पत्रासोबतचा फॉर्म ओढून घेतला आणि भरायला बसली. सोबत येणाऱ्याच्या रकान्याशी तिचा हात थांबला.

"तिथे व्यायामशाळेत शिकवतात त्या मॅडमचं नाव घाल," धाकटी म्हणाली. "तू नको येऊस."

ते लागलं, आणि लागायला हवं तिथेच लागलं. थोरलीने नाव घातलं आणि गुरुवारी स्वतः जाऊन फॉर्म देऊन आली.

चाचणीत धाकटी चौथी आली, संघात तिघींनाच जागा होती. आठवडाभर ती थोरलीशी मोजकंच बोलली. नंतर बोलू लागली, पण आपली पत्रं आपणच वाचायची हे तिने ठरवून टाकलं. व्यायामशाळेची गाडी तिला न्यायला येऊ लागली.

त्या मोकळ्या संध्याकाळी थोरली वर्गात एकटी जाई. पहिल्या दिवशी हात कुठे ठेवावेत हेच तिला कळेना, म्हणून ती वही छातीशी धरून भराभर चालत गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिला मुकादमाची जागा मिळाली. रोलरचं पुस्तक तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं आणि नव्या मुलींना बोटं कुठे ठेवायची ते समजावलं.

धाकटी त्याच्या पुढच्या वर्षी संघात आली. बातमी ऐकून थोरलीच्या पोटात जुन्या जागी दुखलंच. तिने तसं सांगितलं. धाकटी म्हणाली, "माहीत आहे. बस, चहा ठेवलाय."