हरण्याची जुनी पोस्ट

किस्से उकिरड्यासारखे असतात राव. रोज पाटीभरच पडतं, आणि एक दिवस बघावं तर ढीग कमरेएवढा! आमच्या खिल्लार बैलवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपचं तसंच झालंय. सातारा-सांगलीकडचे बैलांचे नादिष्ट सगळे त्यात. मलकापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणून ॲडमिन मी. म्हणजे ॲप बिघडलं की शिव्याही मलाच!

गेल्या उन्हाळ्यात ॲपचं अपडेट आलं आणि जुन्या पोस्टी शोधायची ती भिंगाची खूण गायब झाली. फलटणला आमचे सुभेदार राहतात. पलटणीतून रिटायर झाले आणि बैलांत अडकले. सकाळी सकाळी त्यांचा फोन.

"ॲडमिन, भिंग कुठं गेलं?"

"कंपनीनं काढलं, सुभेदारसाहेब."

"कुणाच्या ऑर्डरनं?"

दुसऱ्या दिवशी सुभेदार स्वतः दुकानात हजर. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भिंग बसवून दे. जुनं आसलं तरी चालंल, पर ओरिजिनल पायजे!"

*

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच आठवड्यात वडूजकडच्या हौसाकाकूंचा हरण्या बाजारातून चोरीला गेला. वासरू असतानाच त्याची आई मेलेली. काकूंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला बैल तो.

पोलीस म्हणाले, फोटो आणा. काकूंचा जुना फोन फोटोंसकट पाण्याच्या हौदात पडून केव्हाच गेलेला. पुरावा म्हणून एकच गोष्ट उरली. सैन्यातल्या भाच्यानं कुठल्याशा सुट्टीत आमच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ. काकू हाक मारतात आणि हरण्या रानातून पळत येतो, एवढाच. भाच्याची ड्यूटी आता अशा ठिकाणी, की महिना महिना रेंज नाही.

"आरं, तुझ्याच फोनात हाय की त्यो. काढ की भाईर," काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या पोस्टी, आणि शोधायला हातात काही नाही.

*

कंपनीला तक्रार लिहिली. चांगली तापून लिहिली. लगेच उत्तर! म्हटलं, व्वा.

"आपल्या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं आहे. कृपया जुन्या उत्तरांमध्ये शोधा."

अरे, पण शोधू कशानं? तेच परत लिहिलं. तर मला विचारतात, "या उत्तरानं आपलं समाधान झालं का? तारे देऊन कळवा."

तारे माझ्याच डोळ्यांपुढं चमकत होते!

*

शेवटी सुभेदारांनी सूत्रं हातात घेतली. "एकेकानं एकेक वर्ष घ्यायचं. पैल्या पोस्टीपास्नं शेवटच्या पोस्टीपतूर. ह्येला म्हणत्यात सर्च ऑपरेशन!"

वाटणी झाली आणि वाटणीवरनं भांडणं सुरू. कराडचा एक गडी भडकलाच. "मला लॉकडाऊनचं वरीस? त्यात नुसती गुड मॉर्निंगची फुलं हायती! तुमचं-माझं वैर हाय का, गड्या?"

आणि आमची मंडळी तरी काय एकेक! बैलाचं नाव म्हणून लिहायचं नाही. कुठलाही बैल असो, खाली मजकूर एकच: "नाद खुळा!" भिंग असतं तरी काय सापडलं असतं, डोंबल?

*

माझ्या वाट्याचं वर्ष मी दुकानात बसून उपसत होतो. या ॲपची एक खोड आहे. मध्येच कुणाचा फोन आला, की ते आपल्याला उचलून थेट आजच्या पोस्टीवर आपटतं.

दुपारभर अंगठा झिजवून मी कसाबसा त्या वर्षीच्या बेंदराच्या सणापर्यंत पोचलो. सजवलेले बैल दिसायला लागले, जीव वरखाली व्हायला लागला, आणि बायकोचा फोन.

"येताना दूध आणा."

गेलं! पुन्हा आजपासून सुरुवात. पुन्हा बेंदरापर्यंत पोचतोय तोच फोन.

"अर्धा लिटर बास."

मी असा ओरडलो, की संध्याकाळी घरी कोरा चहा मिळाला.

*

अशा धामधुमीत जतकडचे मलगोंडा अण्णा रोज एकच पोस्ट टाकायचे. अण्णा सीमेवरचे, मराठीला कानडी हेल. "नवीन बैल घेतलोय. वैरणीला तोंड लावंना झालाय. उपाय सांगा."

आधीच कातावलेले लोक. "अण्णा, जुन्या पोस्टीत बघा!"

"बघू कशात? भिंग तुमीच घालवलाय की!"

सुभेदारांनी फोटो मागितला. म्हणाले, बैल बघून सांगतो काय झालंय ते. अण्णांचं उत्तर, "नवीन बैलाचा फोटो टाकत नसतोय. दृष्ट लागतंय."

सुभेदारांनी त्यांनाही एक वर्ष देऊन टाकलं. उपाय राहिला बाजूला, बिचाऱ्यांना काम मात्र लागलं.

*

काकूंचा रोज फोन. "घावला का रं?" आणि माझं रोजचं, "बघतोय." एक दिवस रडल्याच. "गोठ्यात जाववत न्हाई रं मला. दावं तसंच पडलंय." फोन ठेवला आणि मला डबा गोड लागेना. त्या भिंगवाल्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या, पण त्यानं काय व्हायचंय?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच अण्णांचा फोन.

"ओ ॲडमिन, गोठ्यात बसून माझं वरीस बघायलोय. फोन खांबाला अडकवलोय, आवाज मोठा करून. त्यात एक बाई बैलाला हाक मारतीया. ती बाई कोण?"

"का हो?"

"माझा बैल दावं तोडायलाय! परत लावलो, परत तेच. ऐका तुमी."

मी फोन स्पीकरवर टाकला. अण्णांना लाइनवर धरूनच काकूंना फोन जोडला.

"काकू, काही विचारू नका. हरण्याला हाक मारा."

"आरं, पर कुटं हाय त्यो?"

"मारा तर!"

"हरण्याऽऽ! ये रं माज्या लेकरा!"

अण्णांच्या गोठ्यातनं तो असा हंबरला, की दुकानातलं गिऱ्हाईक रस्त्याकडं वळून बघायला लागलं.

मग काकू त्याच्याशी बोलतच राहिल्या. किती वाळलास, कुणी मारलं का, पाणी प्यालास का. दिसत काहीच नव्हतं त्यांना. मला मात्र धाकधूक. अण्णांनी भरबाजारात रोख पैसे मोजून घेतलेला बैल. आता ते काय म्हणणार? पुरावा दाखवा म्हणाले तर?

अण्णा खाकरले.

"काकू, मी टेम्पो सांगतोय. पण तोवर फोन ठेवू नका."

"का रं, बाबा?"

"त्यो खायला लागलाय."